कूलर नसलेल्या घरातल्या मॅडम

अमरावतीत मे महिन्यात ज्या घरात कूलर चालत नाही, त्या घरात बहुधा कुणी राहत नाही. राजापेठेतल्या एका घरात मात्र आमच्या मॅडम राहत होत्या, अजूनही राहतात. घर स्वतःचं, पगार प्राध्यापकाचा, आणि खिडकीत कूलर नाही. शेजारीपाजारी आधी त्यांना कंजूष म्हणायचे, मग विक्षिप्त म्हणायला लागले, आणि आता काहीच म्हणत नाहीत. कारण विचारलं की मॅडम सांगायच्या, कूलरच्या गवतात बुरशी असते, ती हवेबरोबर अंगावर बसते, केसांत अडकते आणि आपण ती प्रयोगशाळेत घेऊन जातो. म्हणजे बाटलीतल्या पेशींना बुरशी लागू नये म्हणून ही बाई भर उन्हाळ्यात पंख्याचा गरम वारा खात बसायची. मी अकोल्याची. आमच्याकडे उन्हाळ्यात कूलर हा घरातला कर्ता पुरुष असतो, आधी त्याला पाणी, मग आपल्याला. पीएचडीसाठी मॅडमकडे गेले तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला वासावरून ओळखलं. "कूलरपुढं झोपून आली तू," म्हणाल्या, "जाय, आंघोळ करून ये." मी आंघोळ करूनच आले होते. पुन्हा करून आले.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कुणा एका बाईच्या स्तनातल्या गाठीमधून कधीकाळी काढलेल्या पेशी बाटलीत ठेवून, त्यांना वेळच्या वेळी खाऊपिऊ घातलं, तर त्यातल्या काही मरायचं विसरतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार होत राहतात. त्यांचा वंश वर्षानुवर्षं चालतो आणि या प्रयोगशाळेतून त्या प्रयोगशाळेत जातो. कोणतंही नवं औषध माणसाला देण्याआधी या पेशींवर टाकून बघतात. मॅडमच्या कपाटात अशा स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी होत्या, आणि आमचं सगळं आयुष्य त्यांच्या तालावर चालायचं.

या पेशींना सदतीस अंशांची ऊब लागते. जगभरात त्यासाठी उबदार कपाट वापरतात. त्या कपाटाला ऊब देता येते, गारवा देता येत नाही. ज्याने ते बनवलं त्याने अमरावतीचा मे महिना पाहिलेला नव्हता. आमच्याकडे वीज गेली की कपाट थंड पडेल ही भीती नसायची, ते तापेल ही असायची. म्हणून मॅडमनी परतवाड्याजवळच्या आपल्या भावाकडून भाजीच्या रोपवाटिकेवर टाकतात ती हिरवी जाळी आणली आणि प्रयोगशाळेच्या गच्चीवर चढून, पदर खोचून, स्वतः बांधली. खाली उभे राहून आम्ही चार जण नुसते "जपून, मॅडम, जपून" म्हणत होतो. कॉलेजच्या तपासणीला आलेल्या एका पाहुण्याने जाळी बघून विचारलं, वर काय लावलंय? मॅडमनी शांतपणे सांगितलं, कॅन्सर.

डब्याचे त्यांचे कायदे निराळेच होते. दही, इडली, ढोकळा, जे जे आंबतं ते सगळं बंद. आंबवणारे जंतू हातांवर येतात आणि बाटलीत शिरतात, हे त्यांचं म्हणणं. ते खरंही होतं, पण सगळ्या जगातल्या प्रयोगशाळा हात धुऊन भागवतात. मॅडमचं हातांवर भागत नसे. त्या दारात उभ्या राहून आमचे डबे हुंगायच्या. एकीच्या आईने लेकीच्या प्रेमापोटी डब्यात कढी दिली होती, तर मॅडमनी ती तिला बाहेर कडुनिंबाखाली बसून प्यायला लावली आणि वर कढी कशी झाली तेही विचारलं. त्यांना स्वतःला कढी फार आवडायची. ती त्या फक्त दिवाळीत भावाकडे गेल्यावर प्यायच्या.

पेशींचं खाणं म्हणजे एक गुलाबी पाणी. पेशींनी ते खाऊन संपवलं की ते पिवळं पडतं, मग बदलायचं. या रंगाचा मॅडमच्या बोलण्यावर इतका परिणाम झाला होता की त्या माणसंही तशीच बघायच्या. माझं तोंड उतरलेलं दिसलं की म्हणायच्या, पिवळी पडली वाटते, जाय, जेवून ये. विभागप्रमुख निवृत्त झाले त्या समारंभात बोलायला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की सर शेवटपर्यंत गुलाबी राहिले. टाळ्या झाल्या, पण कुणाला काही कळलं नाही. सरांना कळलं असावं, कारण ते लाजले.

पेशी गोठवून ठेवायला द्रवरूप नायट्रोजन लागतो. तो आमच्या भागात सहज मिळतो तो एकाच कारणासाठी, गाईंना कृत्रिम रेतन करायला. त्यामुळे आमची नायट्रोजनची टाकी अकोल्याहून जनावरांच्या दवाखान्याच्या गाडीतून यायची. मॅडम त्या गाडीवाल्याला दर वेळी चहा पाजायच्या आणि त्याच्याशी वळूंच्या जातींवर गप्पा मारायच्या. तो एकदा म्हणाला, मॅडम, तुमच्या टाकीत काय असते? त्या म्हणाल्या, तुझ्या टाकीत जल्माले येणारे, माझ्या टाकीत न मरणारे. यानंतर तो आमची टाकी उतरवताना जरा अदबीने उतरवायला लागला.

इंग्रजीत शिकवायच्या, रागवायच्या वऱ्हाडीत. कौतुक कुठल्याच भाषेत करत नसत.

आता मुद्द्याचं. मेळघाटातल्या एका झाडाच्या सालीचा अर्क आम्ही या पेशींवर टाकून बघत होतो. झाडाचं नाव इथे लिहीत नाही, लिहिलं तर त्या झाडाला साल उरणार नाही. अर्काने पेशी मरत होत्या, नीट, ठरावीक प्रमाणात. मॅडमचा त्यावर शोधनिबंध छापून आला आणि माझाही प्रबंध त्याच कामावर उभा होता. एका वार्ताहराला कुठून तरी बातमी लागली आणि तो कॅमेरा घेऊन आला. मॅडमनी त्याला तासभर समजावलं. म्हणाल्या, "बाटलीतली पेशी फिनाईलनंही मरते, भाऊ. मंग काय फिनाईल पेता काय? बाटली म्हणजे बाई नव्हे." आम्हाला हे वाक्य पाठ होतं. कुणी नवा विद्यार्थी पेशी मेल्या म्हणून नाचायला लागला की त्याला हेच ऐकवलं जायचं. वार्ताहराने लिहूनही घेतलं. दुसऱ्या दिवशी छापून आलं की अमरावतीच्या प्राध्यापिकेला कॅन्सरवर औषध सापडलं. फिनाईल तेवढं गळालं होतं.

मग राजापेठेतल्या त्या घरापुढे माणसं यायला लागली. कुणाची आई, कुणाची बायको. मॅडम फाटकात उभ्या राहून प्रत्येकाला सांगायच्या की हे औषध नाही, दवाखान्यात जा, उशीर करू नका. लोक हात जोडायचे आणि मनातून समजायचे की बाई एक तर फार विनयशील आहे, नाही तर साल कुणाला तरी विकून बसली आहे. दोन्ही समजुतींवर त्यांच्याकडे उतारा नव्हता. त्या दिवसांत मी त्यांना थकलेलं पाहिलं.

आणि नेमका तेव्हाच त्यांच्या घरातच बॉम्ब फुटला. भावाची बायको, म्हणजे मॅडमच्या वहिनी. त्या आणि दादा परतवाड्याजवळच्या गावात भाजी आणि फुलं पिकवायचे, वहिनी स्वतः बाजारात झेंडू घेऊन बसायच्या. मॅडमची आई लवकर गेली, तेव्हा या वहिनींनी नणंदेची वेणी घातली होती, शाळेचा डबा केला होता, कॉलेजला अमरावतीला पाठवा म्हणून सासऱ्यांशी भांडल्या होत्या. मॅडमच्या आयुष्यात 'माय' या शब्दाच्या जागी वहिनी होत्या. त्यांच्या छातीत गाठ निघाली. अकोल्याला तपासणी झाली, डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करू, मग औषधं देऊ, बऱ्या होण्याची चांगली आशा आहे, पण लगेच या. वहिनी घरी आल्या आणि गेल्याच नाहीत. मेळघाटातल्या धारणीकडून येणाऱ्या एका जीपवाल्याकडून त्यांनी, नणंदेच्याच तोंडून कधी तरी नाव ऐकलेली, ती साल मागवली आणि रोज उकळून प्यायला लागल्या. घरात सगळ्यांना माहीत होतं, मॅडमपासून तेवढं लपवलं होतं. नणंदेला आनंदाचा धक्का द्यायचा होता म्हणे, बरं होऊन.

कळलं त्या दिवशी मॅडम तशाच एसटीत बसून गेल्या. परत आल्या तेव्हा मी विचारलं, काय झालं? त्यांनी जे सांगितलं त्यावर हसावं की रडावं कळेना. वहिनींनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं, फिनाईलसुद्धा, आणि हसून म्हणाल्या, तुमी लहानपणापासून अशाच. दहावीचा पेपर देऊन आल्या की म्हणे नापास होते, अन् निकाल लागला की शाळेत पहिल्या. तुमचं 'नाई' म्हणजे 'हाव' असते, मले माहीत हाय. मॅडम खरोखर तशा होत्या. जन्मभर त्यांनी स्वतःच्या यशाला कमी लेखलं होतं, आणि आता त्या खरं बोलत होत्या तर घरात कुणी खरं मानायला तयार नव्हतं. त्यांनी दादाला सांगून पाहिलं, डॉक्टरांना फोनवर बोलायला लावलं, स्वतः रुसून पाहिलं. वहिनी म्हणायच्या, परक्या डॉक्टरचं ऐकू का घरच्या डॉक्टरचं? आमच्या ताईनं शोधलेलं औषध हाय. दिवस जात होते आणि गाठ काही कुणासाठी थांबत नव्हती.

याच काळात आमच्या बाटल्या झपाट्याने भरायला लागल्या. आधी आठवडा घेणाऱ्या पेशी आता दोन-तीन दिवसांत काठोकाठ व्हायच्या. मी खूश होते, प्रयोग भराभर उरकत होते. मॅडम सूक्ष्मदर्शकावर वाकून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, आपलं किडकिडीत लेकरू एकदम धष्टपुष्ट झालं तर पेढे वाटाचे का त्याले डॉक्टरकडे न्याचं? त्यांनी पेशी ओळख पटवणाऱ्या तपासणीसाठी बाहेर पाठवल्या. नुसत्या आत्ताच्या नाही, गोठवून ठेवलेल्या जुन्याही.

इथे एक कबूल करायला हवं, आणि ते मॅडमनीही केलं. या पेशी त्यांनी कंपनीकडून विकत घेतलेल्या नव्हत्या. खूप वर्षांपूर्वी दुसऱ्या गावच्या एका मैत्रिणीकडून आणल्या होत्या, फ्लॅनेलच्या उबदार कापडात गुंडाळून, एसटीतून. आपल्याकडे शेजारणीकडून विरजण आणतो तशा. विरजण मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही, आणि आणणारीही विचारत नाही की बाई, तुझ्याकडे हे कुठून आलं. त्या मैत्रिणीने दुसरीकडून आणल्या होत्या, दुसरीने तिसरीकडून. मॅडमनीही अकोल्याला, आणखी कुठे कुठे, मागेल त्याला दिल्या होत्या. बुरशीसाठी कूलर सोडणाऱ्या या बाईने पेशींचं कूळ कधी विचारलं नव्हतं, कारण मैत्रिणीने प्रेमाने दिलेल्या वस्तूची चौकशी करणं हे आपल्यात बसत नाही.

निकाल फोनवर आला. पेशी स्तनाच्या नव्हत्याच, गोठवून ठेवलेल्या जुन्यासुद्धा स्तनाच्या नव्हत्या. वाटेत कुठे तरी, कुणाच्या तरी प्रयोगशाळेत, गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाच्या पेशी त्यांत शिरल्या होत्या. त्या जातीच्या पेशी फार जोमाने वाढतात, एक शिरली तरी मूळच्यांना संपवून जागा बळकावतात. मैत्रिणीने दिलेल्या बाटलीतच हे होऊन गेलेलं होतं, आणि पुढे वर्षानुवर्षं बेताने खाऊ घातल्यामुळे त्या दबून वाढत होत्या. अलीकडे आम्ही खाणं बदललं आणि त्यांनी खरं रूप दाखवलं. शोधनिबंध खोटा पडला. माझा अर्धा प्रबंध कचऱ्यात गेला. मी कडुनिंबाखाली बसून भरपूर रडले आणि मॅडमवर रागावले, मनातल्या मनात नाही, चांगलं तोंडावर. त्यांनी ऐकून घेतलं. एका वरिष्ठ सहकाऱ्यांनी त्यांना समजावलं की आता कुठे वाच्यता करू नका, गुपचूप नव्या पेशी आणा, काम पुन्हा करा, निबंध कोण तपासायला बसलंय? तो सल्ला तसा प्रेमाचाच होता. निवृत्ती तीन-चार वर्षांवर आली होती, नाव झालं होतं, ते सांभाळायचं की नाही?

मॅडमनी दोन दिवस जुन्या नोंदवह्या काढून पाहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी निबंध मागे घेत असल्याचं कळवलं, ज्यांना ज्यांना पेशी दिल्या होत्या त्यांना एकेकाला फोन करून फेकून द्यायला सांगितल्या, आणि मग मला म्हणाल्या, विद्यार्थ्यांचा साधा सूक्ष्मदर्शक घे अन् एक काचपट्टी रंगवून घे, परतवाड्याले जाचं हाय. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं की त्यांना काही तरी सापडलं आहे. बसमध्ये सूक्ष्मदर्शक मांडीवर धरून त्या खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, माझं 'नाई' तिनं कधी ऐकलं नाई, पण मी चुकली असं मी तिच्यापुढं कधी म्हणलंच नाई. मला तेव्हा त्यांची भीती आणि माया एकदमच वाटली. त्या घरात त्या लहानपणापासून कधीही न चुकणारी ताई होत्या आणि आता ते एकुलतं एक वैभव द्यायला निघाल्या होत्या.

वहिनी अंगणात बाजारासाठी झेंडूचे हार करत बसल्या होत्या. चुलीवर पातेल्यात साल उकळत होती. दादा बाजेवर होते, गल्लीतल्या दोन बायकाही येऊन बसल्या होत्या. मला वाटलं मॅडम त्या बायका जाईपर्यंत थांबतील. त्या थांबल्या नाहीत.

"वहिनी, मी चुकली," म्हणाल्या.

वहिनींना आधी काही कळलंच नाही. त्यांनी दोरा दातांनी तोडला आणि विचारलं, कशात चुकल्या? मॅडमनी सगळं सांगितलं, कुठेही न लपवता. की ज्या पेशींवर ही साल टाकली त्या छातीच्या कॅन्सरच्या नव्हत्याच. की मैत्रिणीकडून आणल्या, तपासल्या नाहीत. की इतकी वर्षं ओळखता आल्या नाहीत. की पेपरात आलं ते सगळं खोटं ठरलं आणि तसं त्यांनी लेखी कळवलंही आहे. दादा बाजेवरून उठून बसले. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, उद्यापर्यंत ही गोष्ट सगळ्या गावात जाणार होती. मॅडम थांबत नव्हत्या. "या सालीनं तुमच्या गाठीले काय होते, मले काहीच माहीत नाई," म्हणाल्या. "कोणालेच माहीत नाई. मी नापास झाली, वहिनी. यावेळी खरंच झाली."

वहिनींचे हात थांबले. त्यांनी नणंदेकडे पाहिलं, मग माझ्या मांडीवरच्या सूक्ष्मदर्शकाकडे. म्हणाल्या, दाखवा. मी काचपट्टी लावून दिली. हळद-कुंकवासारखे रंग दिलेल्या त्या पेशी त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिल्या.

"ह्या कोणाच्या हायेत?"

"परदेशातली एक बाई होती," मॅडम म्हणाल्या. "लय वर्षं झाले."

"होती म्हणजे?"

"गेली ती. याच रोगानं."

"अन् ह्या?"

"ह्या राह्यल्या. आमच्या बाटलीत अजून वाढून राहिल्या. साऱ्या जगात हायेत."

वहिनींनी डोळा काढला. हातातला अर्धवट हार टोपलीत ठेवला. चुलीवर पातेलं खदखदत होतं.

"म्हणजे बाई गेली अन् रोग राह्यला," वहिनी म्हणाल्या.

मॅडमनी मान डोलावली.

वहिनी उठल्या. चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं, त्यावर पाणी शिंपडलं. मग हात पदराला पुसत नणंदेजवळ आल्या, लहानपणी पुसला असेल तसा तिचा चेहरा त्याच पदराने पुसला आणि विचारलं, अकोल्याची गाडी सकाळी किती वाजता हाये?

पेशींच्या प्रत्येक जेवणाची वेळ मिनिटावर सांगणाऱ्या मॅडमनी तो पदर दोन्ही हातांनी तोंडावर धरून ठेवला. शेवटी मीच सांगितलं, सातला सुटते.